शिनोळीचं बिल आणि बेळगुंदीची दोन दारं

परगावी गेलं की कुणी देवळं बघतं, कुणी किल्ले बघतं. मी बिअरचा भाव बघतो. पितो बेताचीच, पण भाव विचारल्याशिवाय गाव कळल्यासारखं वाटत नाही. नाशकात माझं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, भाव विचारण्यात आणि सांगण्यातच जन्म गेला. गेल्या वर्षी आम्हा दुकानदारांची सहल व्हिएतनामला गेली होती. तिथे लोक रस्त्याकडेला बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून पिंपातली ताजी बिअर पितात, आणि ती पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. नोटांवर शून्यं इतकी की पहिल्या दिवशी मी चहावालीला भलतीच नोट देऊन आलो. पण दुसऱ्या दिवशी हिशेब बसला. परक्या देशात, परक्या भाषेत बसला. बेळगाव-निपाणीकडे मात्र, जिथे सगळे माझ्याशी मराठीत बोलत होते, तिथे तो शेवटपर्यंत बसला नाही. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. वाचून कुणाला उलगडा झाला तर मला जरूर कळवावं.

जाण्याचं कारण बिअर नव्हतं. माझ्या बायकोचं, मंगलचं, माहेर बेळगुंदीचं. बेळगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या बाजूचं शेतकऱ्यांचं गाव. तिच्या पाठीवर दोन भाऊ, थोरला आप्पा आणि धाकटा परशराम, म्हणजे परशा. सासरे गेल्यावर रताळ्याच्या शेतातून ट्रॅक्टर न्यायच्या वाटेवरून दोघांचं वाजलं, आणि वाजलं ते असं की घराच्या मधोमध भिंत आली. तेव्हापासून मंगल माहेरी गेलेली नाही. यंदा गावची यात्रा होती. अशा यात्रेला गावच्या सगळ्या लेकी येतात, जिची नातवंडं शाळेत जातात तीही येते. मंगलला दोन्ही भावांचे फोन आले, वेगवेगळे, आणि दोघंही म्हणाले, "आक्का, आमच्यात ये." तिकडे 'आमच्यात' म्हणजे आमच्या घरी. फोन ठेवून ती माझ्यावरच चिडली.

"माहेर एक आहे आणि बोलावणी दोन. कुठल्या दारातून आत जाऊ? एकाच्या दारातून गेले की दुसऱ्याचं दार मेलं. दोघं एका जागी बसल्याशिवाय मी गावात पाऊल टाकणार नाही. तुम्ही बसवा त्यांना. दाजी आहात, तुमचं ऐकतील."

माझं दुकानातला नोकर ऐकत नाही, पण हे तिला सांगून उपयोग नव्हता.

निपाणी

महाराष्ट्राच्या हद्दीवरचं कागल मागे पडलं की थोड्याच वेळात पाट्यांवरची लिपी बदलते, आणि माणसांची भाषा काही बदलत नाही. माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. निपाणीत जेवायला थांबलो. खानावळीवर कन्नड पाटी, आत मालक मराठीत ओरडतोय, वाढपी त्याला कन्नडमध्ये उत्तर देतोय, आणि रस्सा दोन्ही भाषांत सारखाच तिखट. बाजारातून तंबाखूचा वास येत होता. मंगल शिंकून शिंकून बेजार झाली, पण चेहरा मात्र खुलला होता. "आता जवळ आलं," म्हणाली.

तिला गाडीत बसवून मी जवळच्या वाईन शॉपवर गेलो. आमच्या नाशकात मिळते तीच बाटली, तेच लेबल, फक्त खाली बारीक अक्षरांत ही याच राज्यात विकायची अशी तंबी. भाव आमच्यापेक्षा वीस-पंचवीस रुपयांनी चढा.

"तुमच्या कर्नाटकात महाग आहे हो," मी सहज म्हणालो.

गल्ल्यावरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "आमचं कर्नाटक व्हय? भाषणात 'आमचं निपाणी' म्हंता, आणि गल्ल्यावर आलासा की 'तुमचं कर्नाटक'!"

मी कधी भाषण केलेलं नाही, पण सगळ्यांच्या वतीने ओशाळलो. विषय बदलावा म्हणून विचारलं, मग स्वस्त कुठे मिळते?

"कागलला जावा."

"अहो, मी कागलवरूनच आलो. तिथे चहाच्या टपरीवर सांगितलं की निपाणीत स्वस्त आहे."

"ते जुनं झालं. हितं दर वाढून बसलाय, खरं लोकांची जीभ अजून जुन्या दरावरच हाय." तिकडे 'खरं' म्हणजे 'पण'. मग तो म्हणाला, "तसं बघाय गेलं तर गोव्यात जावा. निम्म्यात."

म्हणजे अलीकडचा पलीकडे बोट दाखवतो, पलीकडचा अलीकडे, आणि दोघं मिळून गोव्याकडे. व्हिएतनाममध्ये एवढे फाटे नव्हते.

बेळगाव

कुणाच्याच घरी उतरायचं नाही म्हणून टिळकवाडीत एका लॉजवर उतरलो. मंगलला ते फार लागलं. "माहेरच्या गावाशेजारी येऊन लॉजवर झोपायचं," असं ती चादर झटकताना दोनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावातच शहापूर भागात साड्या घ्यायला गेलो. गल्ल्या अरुंद, आतून कुठूनतरी मागाचा खटखट आवाज. दोन्ही भावजयांना साड्या घ्यायच्या होत्या आणि कुणाला कमी-जास्त वाटू नये म्हणून मंगलने एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या दोन मागितल्या. दुकानातली बाई वयस्कर होती. तिने दोन्ही साड्या पुढे ठेवल्या आणि हात तसाच वर ठेवून विचारलं, "घर वेगळं झालंय काय वो?"

मंगल चमकली. "कशावरून?"

"सख्ख्या जावा एकत्र नांदत असल्या की बायका दोन रंग न्हेतात. आलटूनपालटून नेसायला बरं पडतंय. सारख्या दोन कोण न्हेतंय? जिला वाद नको असतोय ती."

परत येताना मंगल रिक्षात तोंड फिरवून बसली होती. मी बेळगावची मिठाई म्हणून कुंदा घेऊ का विचारलं, तर डोळे पुसत म्हणाली, "घ्या. आणि तोही दोन डबे घ्या."

दुपारी आप्पा लॉजवर आला. अंगाने दणकट, बोलायला सावकाश, हातात रताळ्यांची पिशवी. बहिणीच्या पाया पडला, मग मला बाल्कनीत नेऊन म्हणाला, "बसतो की दाजी. बसायला काय झालंय? खरं पाजणार त्यानं. परशानं पाजली तर मी पितो, आणि मागचं सगळं सोडतो."

संध्याकाळी परशा आला. हा फाउंड्रीत नोकरी करतो आणि सुट्टीला शेत बघतो. सडसडीत, तापट, बसायच्या आधीच उठायच्या तयारीत. तोही मला बाल्कनीत घेऊन गेला. "आप्पानं बाटली मागवली, माझ्या ग्लासात ओतली, की मिटलं. मी वाटंचं नाव काढणार न्हाई. खरं पाजणार त्यानं."

मी मनाशी म्हटलं, यात्रेचा खर्च तोंडावर आलाय. घरोघरी पाहुणे, मटण, नवे कपडे. दोघांचेही हात आखडलेत, पण दाजींपुढे कबूल कोण करणार? मला त्यांची दया आली. दोन सख्खे भाऊ बाटलीच्या भावापायी अडलेत, आणि इथे तर भावातला किडा बसलाय! हा प्रश्न खास माझ्यासाठीच राखून ठेवला होता म्हणायचं. आमचं हे बोलणं मी मंगलला सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तिने "काय म्हणाले?" विचारलं तेव्हा मी नुसतं "दोघं तयार आहेत" एवढंच म्हणालो.

शिनोळी

गावात बसायला दोघंही तयार नव्हते. बेळगावात बसलं तर परशाच्या फाउंड्रीतलं कुणीतरी भेटणार. मग आप्पानेच शिनोळी सुचवली. बेळगुंदीपासून थोड्याच अंतरावर, पण हद्द ओलांडून महाराष्ट्रात. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पिकअपमधून गेलो. वाटेत काजूची झाडं, कापणी झालेली भाताची शेतं. कुठे एक राज्य संपलं आणि दुसरं सुरू झालं ते मला कळलं नाही. आप्पाला विचारलं तर तो म्हणाला, "मगाशी गाडी उसळली न्हवं? तिथंच."

पत्र्याच्या छपराचा बार. परशा मोटरसायकलवरून आधीच येऊन बसला होता. आप्पा त्याच्या समोर बसला आणि मला मध्ये बसवलं. बसवलं ते कशासाठी हे लगेच कळलं.

"दाजी, त्याला विचारा, पाहुणे किती यायचेत त्याच्यात."

"दाजी, सांगा त्याला, त्याच्यापेक्षा जास्त."

तीन हातांच्या अंतरावरून ऐकू आलेलं मी पुन्हा तसंच्या तसं म्हणून दाखवत होतो. मान इकडून तिकडे फिरवून दुखायला लागली. सुकं मटण मागवलं, चणे मागवले, आणि तीन बिअर. बाटल्या आल्या. थंडगार, बाहेरून ओल्या. टोपणं तशीच.

ताण हलका करावा म्हणून मी व्हिएतनामचं सांगितलं. तिथे बिअर पाण्यापेक्षा स्वस्त आहे म्हटल्यावर परशा गंभीरपणे म्हणाला, "मग परत कशाला आलासा, दाजी?" आप्पाला खो-खो हसू आलं. मग कुणाच्या बोलण्याला हसतोय हे ध्यानात आलं आणि तो ठसका लागल्यासारखं करून पाणी प्यायला.

मेनूकार्डावर भाव बघितला. छापील किमतीवर बसण्याचे वेगळे, थंड केल्याचे वेगळे. एवढं धरूनही निपाणीच्या दुकानातल्या बाटलीच्या आसपासच. मालकाला विचारलं की तुमच्याकडे कर्नाटकातले लोक स्वस्त म्हणून येतात का? तो म्हणाला, "येत्यात की. आणि हितले तिकडं जात्यात. घराजवळ प्यालं की बायकूला कळतंय." हे कारण माझ्या कुठल्याच हिशेबात धरलेलं नव्हतं.

बाटल्या तशाच होत्या. आप्पा त्यांच्याकडे बघत नव्हता, परशा बघत नव्हता. दोघं चणे मोजून खाल्ल्यासारखे एकेक खात होते. बाटल्यांवरचं पाणी ओघळून टेबलावर तळं झालं. मला राहवेना. एवढे मोठे बापई गडी, आणि बिलाच्या धास्तीने घसा कोरडा ठेवून बसलेत. मी हात धुवायच्या निमित्ताने उठलो, गल्ल्यावर जाऊन फोनवरून सगळे पैसे चुकते केले आणि परत येऊन मोठ्या खुशीत म्हणालो, "बिल झालंय. आता निवांत प्या."

आप्पाने तोंडाशी नेलेला चणा परत बशीत ठेवला.

"कुणी दिलं?"

"मी."

"आक्कानं सांगितलेलं?"

"छे, मीच. आपलं सहज."

"दाजी," आप्पा कपाळाला हात लावून म्हणाला, "हे काय करून बसलासा!"

मला वाटलं, पाहुण्याने पैसे दिले म्हणून संकोच करताहेत. मी म्हणालो, नाशकापेक्षा काही फार महाग नाही. त्यावर परशा उठून उभा राहिला. "भावाचं कुठं काढलायसा? आमच्यात भांडान मिटवायला बसत्यात तवा चुकलेल्यानं पाजायची असती. सोताच्या पैशाची. पैसं गेलं की चूक गेली, परत कुणी नाव काढायचं न्हाई. आता पैसं तुमचं गेलं. म्हंजे चूक कुणाची ठरली? तुमची!"

"माझी? मी तर वाट बघितलेलीसुद्धा नाही."

"तेच की. आणि वर जावयाच्या पैशाची पिऊन आमी भांडान मिटवायचं? लोक तोंडात शेण घालतील."

मी मालकाकडे धावलो, पैसे परत द्या म्हणालो. तो म्हणाला, "आलेलं परत धाडायचं मला येत न्हाई." खरंच येत नव्हतं की काय, कोण जाणे. तेवढ्यात आप्पाने खिशातून नोटा काढून माझ्या शर्टात कोंबल्या. परशाने त्या तिथून काढून टेबलावर आपटल्या आणि स्वतःच्या कोंबल्या.

"मी देतो. थोरला हाय मी."

"थोरला हायस तर इतकी वरसं कुठं गेलतास?"

"तू भिंत घातलीस आणि मला इचारतोस?"

"भिंत मी घातली? वाट कुणी आडवली आधी?"

माझ्या खिशात कधी याच्या नोटा तर कधी त्याच्या. शर्टाची एक गुंडी तुटली. एवढा वेळ पैसे दुसऱ्याने द्यावेत म्हणून अडून बसलेले दोघं आता मीच देणार म्हणून भांडत होते. मग चूक दोघांची झाली की कुणाचीच नाही? मी तोंड उघडलं, पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, मला कुणी "त्याला सांगा" म्हणालेलं नाही.

बाटल्या सोबत घेऊ, असं मी जाताना सुचवलं. आप्पा म्हणाला, "हद्दीवर धरलं तर दाजींना सोडवायला आमास्नीच जोडीनं जायला लागंल." शेवटी तिन्ही बाटल्या टोपणासकट टेबलावर राहिल्या. भावाचं म्हणाल तर माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात महाग बिअर, आणि तिची चव मला ठाऊक नाही. दोघांचं भांडण वाटेच्या ऐन मुद्द्यावर आलं होतं, त्यामुळे आप्पाने पिकअप सुरू केली तेव्हा परशा बोलत बोलत आतच चढला. मोटरसायकल शिनोळीत राहिली.

लॉजवर मंगलने सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला काय भाव काढायला पाठवलं होतं?" मग भावांकडे वळली. "आलात कशानं?"

"आप्पाच्या गाडीनं."

"दोघं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आपण एका गाडीत बसून आलो हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. मंगल उठली आणि साड्या पिशवीत भरायला लागली.

बेळगुंदी

गावात यात्रेची झुंबड होती. घरांना नवे रंग, दारोदारी मांडव, कुठल्याशा घरातून मसाला भाजल्याचा वास. आप्पाने गाडी घरापुढे उभी केली. पूर्वी मधोमध एक दार होतं. ते आता थोरल्याकडे गेलेलं. धाकट्याने आपल्या बाजूची खिडकी फोडून दुसरं दार काढलेलं.

दोन्ही दारांत दोन भावजया उभ्या होत्या. दोघींच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग घरात घ्यायचं, ही आपल्याकडचीच रीत. पण एका माणसाला दोन दारांतून कसं घ्यायचं, याची रीत मला ठाऊक नव्हती. शेजारच्या मांडवातल्या बायका हातातलं काम ठेवून बघत होत्या. मंगल अंगणात मधोमध थांबली. मला वाटलं, आता ही परत गाडीत बसणार, आणि सगळा दोष माझ्या बिलाचा.

ती धाकटीपुढे गेली आणि साडी किंचित वर उचलून म्हणाली, "घाल पाणी."

धाकटीने पाणी घातलं. निम्मं पायावर, निम्मं मातीत. थोरली खाली मान घालून आत जायला वळली.

"तू कुठं चाललीस? ओवाळ की," मंगल तिला म्हणाली.

थोरलीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. धाकटीच्या पाण्याने ओल्या झालेल्या पायांनी मंगल थोरलीच्या दारातून आत गेली. वाळलेल्या सारवणावर तिची पावलं उमटली. अंगणात आम्ही तिघं बापे उरलो. जिंकलं कोण ते मला अजिबात कळलं नव्हतं.

"परशा," आतून मंगलची हाक आली, "माझी पिशवी आत आण."

पिशवी गाडीत होती. मी उचलायला गेलो, तर आप्पाने माझा हात धरला. परशा त्या दाराकडे बघत उभा होता. भिंत आल्यापासून त्याने तो उंबरा ओलांडला नव्हता. सगळी गल्ली बघत होती.

"मी आक्काची पिशवी ठेवाय चाललोय," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्याच्या घरात न्हाई."

पिशवी खांद्याला लावून तो दारापाशी गेला.

"डोकं सांभाळ," आप्पा मागून म्हणाला. "चौकट बुटकी हाय."

"ठावं हाय मला," परशा मागे न बघता म्हणाला. "माझा बी जन्म ह्याच घरातला हाय."

आणि मान खाली घालून तो आत गेला. चूक कुणाची, ते अजून ठरलेलं नाही. पिशवी ठेवायला गेलेला परशा जेवूनच बाहेर आला.